पाणी आणि पानी



भाषाशास्त्र म्हटले की श्रोत्यांच्या मनात धातू, प्रत्यय आणि सूत्रे उभी राहतात आणि पुष्कळांचे लक्ष घड्याळाकडे जाते. म्हणून मी शास्त्रापासून आरंभ करीत नाही. माझ्या शाळेतल्या एका तासापासून करतो.

गुरुजींनी पंचमहाभूतांची नावे विचारली होती. खाडीकाठच्या गावातून चालत येणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, 'पृथ्वी, पानी...' गुरुजींनी त्याला तिथेच अडवले. 'पानी नव्हे, पाणी.' त्याने पुन्हा 'पानी' म्हटले. वर्ग हसला. मीही हसलो. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो नुसता उभा राहिला. त्याला पाचही महाभूते येत होती, पण त्या दिवशी दुसऱ्याच्या पुढे गाडी गेली नाही, आणि त्या वर्षात वर्गात त्याचा आवाज मी फारसा ऐकला नाही. गुरुजी दुष्ट मुळीच नव्हते. आपण मुलाची भाषा सुधारीत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आजच्या विषयाला ही समजूतच कारण झाली आहे.

आता त्या शब्दाचे कुळ पाहू. संस्कृतात 'पानीय' म्हणजे पिण्याजोगे, त्यात 'न' आहे. प्राकृतात त्याचे 'पाणिअ' झाले आणि तेथून आपले 'पाणी' आले. गुजरात्यांनीही 'पाणी'च ठेवले. हिंदीवाल्यांनी 'पानी' केले. कोकणच्या उत्तर किनाऱ्यावरचा आगरी आणि कोळीही 'पानी' म्हणतो, 'लोनी' म्हणतो, 'कोन' म्हणतो. म्हणजे मुळापासूनचे अंतर मोजायचे तर त्या मुलाचा शब्द गुरुजींच्या शब्दापेक्षा संस्कृताला अधिक जवळचा होता! 'काळा' या शब्दाचेही तेच. मूळ 'काल', किनाऱ्यावर 'काला'. मात्र याचा अर्थ किनाऱ्यावरची बोली जुनी आणि म्हणून श्रेष्ठ, असा कोणी काढू नये. 'घोटक'चा 'घोडा' झाला तो आपल्या सर्वांच्या मुखी. त्याचा पुढे 'घोरा' झाला तो आगऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या. तेथे ते आपल्यापुढे एक पाऊल गेले आहेत. एके ठिकाणी मागे, एके ठिकाणी पुढे. भाषा अशीच चालते. सांगायचे आहे ते इतकेच की ध्वनीला स्वतःचा असा काही डाग नसतो. दिल्लीचा विद्वान 'पानी' म्हणतो तेव्हा कोणी हसत नाही. हसू येते ते शब्दाचे नव्हे, तो उच्चारणाऱ्या तोंडाचे. ते तोंड कोणाचे, कोठल्या वस्तीतले, कोणत्या धंद्यातले, हे कान आधी ओळखतो आणि मग व्याकरणाचे निमित्त शोधतो.

हे समजून घेण्यास आपल्या मिरा-भाईंदरपेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. एका बाजूस वसईची खाडी, दुसऱ्या बाजूस समुद्र. राई, मुर्धे, मोर्वे या गावांत आगरी. 'आगर' म्हणजे मिठागर, त्यावरून हे नाव पडले अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि भाईंदरची मिठागरे पाहिलेल्या माणसाला तिच्याबद्दल शंका येत नाही. उत्तन आणि चौक येथे कोळी, त्यातले बहुतेक ख्रिस्ती. डोंगरीला ख्रिस्ती शेतकरी. या साऱ्यांची घरची भाषा मराठी, आणि तरीही प्रत्येकाची निराळी. १५३४ साली वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत धर्म बदलले, जमिनी बदलल्या, पाव, चावी, पगार, घमेले असे शब्द येऊन आपल्या घरांत कायमचे राहिले, पण बोलीचा कणा मराठीच राहिला. पुढे मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती लोकांची संख्या वाढली, तेव्हा येथल्या ख्रिस्ती लोकांनी आपण त्यांच्याहून निराळे हे सरकारला कळावे म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव कंपनी सरकारचे, प्रार्थना लॅटिनमधली, आणि भांडण, लग्नगीत व बाजारहाट मराठीत!

या बोलीचा अभ्यास कोणी आणि कसा केला, हा इतिहास तिच्याइतकाच उद्बोधक आहे.

पहिला मान मिशनऱ्यांचा. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) आपल्याला माहीत असते. ते गोव्याकडच्या साष्टीतले. आपली साष्टी ठाण्याची. एका नावाच्या दोन साष्ट्या असल्यामुळे भल्याभल्यांचा घोटाळा होतो, म्हणून हे सांगून ठेवले. आपल्या बाजूच्या बोलीचेही एक व्याकरण सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने लिहिले. त्याचे नाव ग्रंथावर राहिले नाही. ते हस्तलिखित १८५८ साली कुन्य रिवार यांनी गोव्यात छापून काढले आणि 'कोंकणीच्या उत्तरेकडील बोलीचे व्याकरण' असे त्याला म्हटले. कोठल्याशा चर्चच्या ओसरीवर बसून हा अनामिक पाद्री कोळ्या-कुणब्यांची क्रियापदे चालवीत होता, आणि त्याला त्यात अशुद्ध असे काही दिसत नव्हते. त्याला त्या माणसांशी बोलायचे होते आणि त्यांचा कबुलीजबाब त्याला कळायला हवा होता. हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरे, परंतु गरजेने कान साफ होतो हेही खरे.

एकोणिसाव्या शतकात वारे फिरले. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये. कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये सिद्ध झाली आणि तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आले. मेजर कँडी यांच्या नजरेखालून शालेय पुस्तके जाऊ लागली. छापखाना, शाळा आणि कचेरी या तिघांना एक ठरीव भाषा हवी होती, आणि ती पुण्याकडच्या शिकलेल्या ब्राह्मण घरांतल्या बोलीवरून घडवण्यात आली. या कामाची निंदा करणारे आज पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. प्रमाणभाषा नसती तर चंद्रपूरचे वर्तमानपत्र सावंतवाडीला वाचले गेले नसते आणि मलाही आज तुमच्यापुढे बोलता आले नसते. परंतु एक गोष्ट मात्र तेव्हा झाली, आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. 'प्रमाण' म्हणजे सोयीसाठी ठरवलेले माप. त्या मापाला लोक हळूहळू 'शुद्ध' म्हणू लागले, आणि शुद्ध म्हटले की विटाळ आलाच.

यानंतरचा टप्पा ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा. त्याचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक काम नॉर्वेच्या स्टेन कोनो या पंडिताचे. त्यात उत्तर कोकणच्या बोलींची नावे काय आहेत, ती जरा ऐका: परभी, कोळी, किरिस्ताव, कुणबी, आगरी, भंडारी, वाडवळ, सामवेदी, वारली, ठाकरी. यांपैकी किती नावे गावाची आहेत? ही सारी माणसांची नावे आहेत, जातीची, धंद्याची, धर्माची. एका गावच्या एका विहिरीपासून चार बोलींची वस्ती सुरू होते, ही गोष्ट विलायतेत शिकलेल्या पंडितांनी आपल्या यादीत सरळ मान्य केली. तिचे कारण काय, हे मात्र त्यांनी फारसे विचारले नाही. त्यांची पद्धतही पाहण्यासारखी होती. बायबलातली उधळ्या पुत्राची कथा जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची, कचेरीतल्या किंवा शाळेतल्या कोणाकडून तिचे स्थानिक बोलीत भाषांतर करवून घ्यायचे आणि कागद परत मागवायचे. बोली कागदावर आली, पण ती लेखणी धरणाऱ्या माणसाच्या हातून आली. ज्याच्या घरात बोकडाचीही चैन नाही, त्या कोळ्याच्या तोंडी पुष्ट वासरू कापण्याची कथा घालून त्याची भाषा तपासायची, यात थोडा विनोदही आहे.

स्वातंत्र्यानंतर हे काम आपल्या लोकांनी हाती घेतले. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींचे सर्वेक्षण मांडले आणि राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळातर्फे त्याचे भाग १९६३ पासून निघू लागले. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या वारलीवरचा भाग १९६९ चा आहे. ध्वनी, रूपे, उतारे, शब्दसूची अशी त्यांची चोख मांडणी. ना. गो. कालेलकरांनी 'भाषा: इतिहास आणि भूगोल' लिहून हे शास्त्र सामान्य वाचकाच्या हाती दिले आणि बोली म्हणजे प्रमाणभाषेची बिघडलेली मुलगी नव्हे, हे पटवले. आजही ज्याला आरंभ करायचा आहे त्याने याच पुस्तकापासून करावा.

तरीही एक प्रश्न उरलाच होता. एकच माणूस सकाळी एक बोलतो आणि संध्याकाळी दुसरे, त्याचे काय? मासळीबाजारातली बाई बंगल्यातल्या गिऱ्हाइकाशी एका तऱ्हेने बोलते आणि शेजारी बसलेल्या जावेशी, तोच दम न सोडता, दुसऱ्या. व्याकरणकार म्हणे, यातले एक खरे, दुसरे मिश्रण. गेल्या साठ वर्षांतला अभ्यास म्हणतो, ही अदलाबदल हीच अभ्यासाची वस्तू आहे.

याचा उगम अमेरिकेत विल्यम लबॉव्ह यांच्या दोन छोट्या कामांत आहे. त्यांतले पहिले एका बेटावरचे आहे, म्हणून आपल्याला ते विशेष जवळचे वाटावे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनियार्ड नावाचे बेट आहे. मूळ रहिवासी कोळी आणि शेतकरी. उन्हाळ्यात मुख्य भूमीवरचे श्रीमंत लोक हजारोंनी येतात आणि जमिनी घेतात. लबॉव्ह यांनी १९६१ मध्ये तेथे जाऊन ६९ लोकांना बोलते केले आणि इंग्रजीतले दोन संयुक्त स्वर कोण कसे उच्चारतो ते टिपले. बेटाची जुनी ढब म्हाताऱ्यांत जास्त आणि तरुणांत कमी असेल, असे आपण धरून चालू. तसे निघाले नाही. ती सर्वांत ठसठशीत होती तिशी-चाळिशीतल्या लोकांत, त्यातही मासेमारी करणाऱ्यांत. आणि तरुणांत पाहावे तर जे बेटावर राहायचे ठरवून होते त्यांच्यात होती, जे शहरात जाणार होते त्यांच्यात नव्हती. 'हे बेट आमचे आहे' हे वाक्य ते लोक कधी उच्चारीत नव्हते. त्यांचा स्वर ते म्हणत होता.

दुसरे काम न्यूयॉर्कचे, १९६२ चे. तेथे शब्दाच्या शेवटचा 'र' उच्चारणे प्रतिष्ठेचे मानले जाई. लबॉव्ह तीन मोठ्या दुकानांत गेले: एक श्रीमंतांचे, एक मध्यम, एक स्वस्ताईचे. चौथ्या मजल्यावर काय मिळते ते आधीच पाहून ठेवायचे, आणि नोकरमाणसाला विचारायचे, ही वस्तू कोठे मिळेल? उत्तर अर्थात 'फोर्थ फ्लोअर'. मग ऐकू आले नाही असे दाखवून पुन्हा विचारायचे, म्हणजे तो सावधपणे उच्चारून सांगतो. कोपऱ्यात जाऊन वहीत खूण करायची. अशी २६४ माणसे झाली. श्रीमंत दुकानात शंभरात ६२, मधल्यात ५१ आणि स्वस्ताईच्या दुकानात २० नोकरांनी 'र' थोडा किंवा पुरता उच्चारला. पगार साऱ्यांचे जवळजवळ सारखे. पण विकणाऱ्याची जीभ विकत घेणाऱ्याच्या ऐपतीकडे झुकलेली!

हा प्रयोग भाईंदरला कोणासही करता येईल. फलाटावर उभे राहून 'काय येते आहे?' असे विचारावे. उत्तरात 'गाडी' येते की 'गारी', ते ऐकावे. ऐकू आले नाही म्हणून पुन्हा विचारावे, आणि 'गारी'ची 'गाडी' होते का ते पाहावे. फक्त दुसऱ्यांदा विचारताना हसू नये.

महाराष्ट्राच्या मातीतला सर्वांत नामांकित दाखला मात्र सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या गावात जैन आणि लिंगायत कानडी बोलतात, मुसलमान उर्दू, इतर मराठी, काही थोडे तेलुगू. शतकानुशतके शेजार असताना एक भाषा टिकून बाकीच्या बुडाल्या का नाहीत? कारण घर. स्वयंपाकघरात आणि देवघरात जातीबाहेरच्याला प्रवेश नव्हता, म्हणून शब्द वेगळे राहिले. पण शेतात, मोटेवर, बाजारात सारे एकत्र राबत, म्हणून वाक्यांची घडण एक होत गेली. आपण मराठीत ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि वगळून 'आम्ही' म्हणतो. उर्दूत हा भेद नाही. कुपवाडच्या उर्दूने तो घेतला. उलट मराठीने कानडीसारखे माणसांपुरतेच स्त्रीलिंग-पुल्लिंग ठेवले आणि बाकी सारे नपुंसक केले, म्हणून कुपवाडचा मराठी माणूस पूर आला की 'नदी आलं' म्हणतो. आमच्या गुरुजींनी याला चार गुण कापले असते. पण त्या 'आलं'मध्ये गावचा सारा समाजशास्त्रीय नकाशा आहे: कोण कोणाबरोबर जेवत नव्हता आणि कोण कोणाबरोबर राबत होता.

त्याच सुमारास मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या विदुषीने फलटण गावच्या बोलण्यातले भेद अभ्यासून १९७३ मध्ये प्रबंध लिहिला. पुढे त्या फलटणलाच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याच्या कामात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले. भाषेतले भेद मोजणारी व्यक्ती शेवटी बालवर्गात जाऊन बसते, यात मला तरी काही योगायोग वाटत नाही.

अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण केले. गावोगाव जाऊन वेगवेगळ्या वयांच्या आणि समाजांच्या स्त्रीपुरुषांना नात्यांचे शब्द विचारायचे, छोट्या चित्रफिती दाखवून 'काय झाले?' असे विचारायचे, गोष्ट सांगायला लावायची, आणि हे सारे ध्वनिमुद्रित करून कोणालाही ऐकता येईल असे ठेवायचे. उधळ्या पुत्राचा कागद टपालाने मागवण्यापासून येथवर यायला शंभरावर वर्षे लागली.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. १९९१ च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर गेली आणि २०११ मध्ये सुमारे आठ लाख झाली. १९८५ साली ज्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद केली, त्यांच्या गावठाणांभोवती आज सात-सात मजली इमारतींचे कडे आहे. गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे असे सर्व आले. घाटावरचे आणि तळकोकणातले मराठीही आले. २०२५ च्या जुलै महिन्यात मिरा रोडला भाषेवरून दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले, ते आपण पाहिले. त्यांविषयी बोलणे हा आजचा विषय नाही. पण माझ्या मनात तेव्हा एक प्रश्न आला तो सांगतो. फलकावरची आणि दुकानातली मराठी टिकावी असे आपण म्हणतो, ते योग्यच आहे. पण या मातीत चारशे वर्षांपूर्वी ज्या मराठीचे व्याकरण लिहिले गेले, ती मराठी कोणत्या यादीत धरली आहे? मुर्ध्याच्या नातवाला इंग्रजी शाळेत जाताना त्याची आई घरात प्रमाण मराठी बोलायला लावते, आणि वाटेत तो हिंदी बोलतो. आजीची बोली हिंदीने घालवली, की इंग्रजीने, की आपल्या हसण्याने, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. माझा अंदाज, आणि तो अंदाजच आहे, असा की शेवटचा वाटा लहान नाही.

अभ्यास करण्यासारखे येथे पुष्कळ पडले आहे. पाश्चात्त्य शहरांत असे दिसून आले की स्त्रिया पुरुषांपेक्षा प्रतिष्ठित भाषेकडे अधिक झुकतात. उत्तनला हे लागू पडेल का? तेथे पुरुष समुद्रावर आपसांत बोलतो आणि बाई टोपली घेऊन सर्व जातींच्या गिऱ्हाइकांशी. तिचे झुकणे प्रतिष्ठेसाठी म्हणावे की धंद्यासाठी? आणि ख्रिस्ती कोळ्याची बोली ख्रिस्ती शेतकऱ्याला जवळची, की हिंदू कोळ्याला? म्हणजे येथे धर्माची ओढ जास्त, की जाळ्याची? कुपवाडचे गणित या किनाऱ्यावर सुटते की नाही, हे आपल्याच कॉलेजातल्या मुलामुलींना तपासता येईल. यंत्र तर प्रत्येकाच्या खिशात आहे.

फक्त विचारायचे कसे, ते सांगतो. 'तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?' असे विचारले की समोरचा माणूस सावध होतो, सदऱ्याची गुंडी लावतो आणि तुमची भाषा तुम्हालाच परत करतो. लबॉव्ह यांनी यावर एक उपाय काढला होता. ते माणसाला विचारीत, 'आता आपण मरतो, असे तुम्हाला कधी वाटले होते का?' तो प्रसंग सांगू लागला की माणूस भाषा विसरतो. उत्तनच्या धक्क्यावर संध्याकाळी जाळी शिवीत बसलेला कोणी म्हातारा भेटला, तर त्याच्यापाशी बसा, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा त्याची होडी कोठे होती, एवढेच विचारा. मग मध्ये बोलू नका.